भेगा नसलेलं कव्हर

इर्शाद, तुझा चेहरा चौकात लागला आहे. बस स्थानकाकडून येणाऱ्या रस्त्याकडे तोंड करून, विजेच्या खांबाला सुतळीनं बांधलेला. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', मध्ये तू, खाली मित्रमंडळ आणि मित्रमंडळाचे गोल खिडक्यांतले चेहरे. त्यातल्या बऱ्याच जणांना तू ओळखत नव्हतास. मी ओळखतो, कारण ते शहरातल्या प्रत्येक फ्लेक्सवर असतात. तुझा फोटो चुलत बहिणीच्या लग्नातला आहे. कोट तुझा नाही, फोटोपुरता कोणीतरी चढवलेला. फ्लेक्सच्या दुकानात श्रद्धांजलीचा तयार साचा असतो आणि त्या साच्यात कोपऱ्यात समई असते. माणूस मुसलमान आहे, अशी कोणीतरी आठवण करून दिल्यावर ऑपरेटरनं समई काढून तिथं चंद्रकोर बसवली. ज्योत काढायची मात्र राहून गेली. ती चंद्रकोरीच्या टोकावर जळते आहे.

तू हे पाहून आधी हसला असतास आणि मग फ्लेक्स उतरवला असतास. मी उतरवलेला नाही. लोकांनी तो त्यांच्या पद्धतीनं, मनापासून लावला आहे आणि चौक त्यांचाही आहे. पण तुझ्या शेवटच्या अल्बमचं कव्हर म्हणजे चौक नव्हे. त्यावर काय छापायचं आणि काय छापायचं नाही, यावरून तू गेल्यापासून आम्ही भांडत होतो. ते भांडण कसं मिटलं, एवढंच तुला कळवायचं आहे. तू कधी गेलास, कसा गेलास हे जिल्हा पानावर आलं आहे. बातमी मीच लिहिली. ते इथं पुन्हा लिहीत नाही.

'हलकी जमीन' हे बँडचं नाव तू सुचवलंस तेव्हा संभा वैतागला होता. संभा लोहाऱ्याचा, दिवसा गावोगावची माणसं भरून वडाप जीप चालवतो, एरवी ड्रम वाजवतो. तो म्हणाला, "अरं, हलकी जमीन म्हणलं की पोरगी द्यायला बी कुणी येत न्हाय. नाव ठेवायचं तर भारी ठेव की."

तू म्हणालास, "भारी जमीनवाल्यांचे बँड वरातीत वाजतेत. आपल्याला वरातीत कोण बोलावतंय?"

येरमाळ्याची रूपाली तेव्हा नुकतीच गायला लागली होती. ती म्हणाली, "हलक्या रानात बी पीक येतं. मालक हलका नसला म्हणजे झालं." नाव ठरलं. रूपालीचा आवाज, संभाचे ड्रम, तुझी गिटार, तुझे शब्द आणि तुझी कव्हरं. मी बँडमध्ये नव्हतो. जाहिरातीचा मजकूर तेवढा माझ्याकडे असायचा, कारण वर्तमानपत्रात राहून मला निदान कमी शब्दांत लिहिता येतं, असं तुझं मत होतं. मला तू कधी नावानं हाक मारली नाहीस. बातमीदार म्हणायचास, तेही चूक काढल्यासारखं.

पहिल्या अल्बमच्या वेळी आपल्याकडे कंपनी नव्हती. छापखाना होता. तुझे अब्बा लग्नपत्रिका आणि दावतनामे छापतात, त्यामुळे कोणता कागद कोण हातात घेतं हे तुला लहानपणापासून माहीत होतं. मोठ्या शहरांतले बँड भिंतीला पोस्टर लावतात, हे मी सांगितलं तेव्हा तू म्हणालास, "आपल्याकडं पोस्टर कोण वाचतंय, बातमीदार? पत्रिका मात्र म्हातारं माणूस दोनदा वाचून घेतं. कुणाचं नाव आलं, कुणाचं राहिलं ते बघायला." म्हणून आपल्या पहिल्या अल्बमचं कव्हर लग्नपत्रिका झालं. लाल कागद, सोनेरी कड, वधूवरांच्या जागी गाण्यांची नावं आणि आतल्या पानावर गाणी ऐकायला मोबाइलनं उघडायचा कोड. खालची ओळ माझी होती. 'समक्ष भेटणे शक्य न झाल्यास हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे.' कार्यक्रमाची जागा लोहाऱ्यातलं मंगल कार्यालय. लग्नाची तिथी नसल्यामुळे ते रिकामं होतं.

वाटायचा गठ्ठा संभाच्या चुलतीच्या घरी ठेवला, तिथं सगळं बदललं. चुलतीनं तो उघडून पाहिला आणि संभाला म्हणाली, "कोऱ्या कोपऱ्याची पत्रिका वाटत्यात व्हय रं? काय शिकवलंय तुला?" तिनं बसून प्रत्येक पत्रिकेच्या चारी कोपऱ्यांना हळदीकुंकू लावलं. संभाला वाटलं, लावू दे, छान दिसतंय. कोपऱ्याला हळद लागलेला कागद घरात आला की आपल्याकडे जावंच लागतं, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. तुझ्याही नाही, माझ्याही नाही.

लोक नवे कपडे घालून आले. हातात आहेर घेऊन आले. फेटा बांधलेले एक आजोबा थेट स्टेजपुढे येऊन उभे राहिले.

"नवरी कुठाय?"

तू माइकवरून रूपालीकडे बोट दाखवलंस. "ही काय. गातीय."

"गाती? नवरीनं बसावं."

रूपालीनं तुझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी कधी विसरणार नाही. ती म्हणाली, "आजोबा, लगीन न्हाय. गाण्याचा कार्यक्रम हाय. बसा."

"आन् जेवण?"

"जेवण बी न्हाय."

"मग आहेर कुणाला द्यायचा?"

मागून संभाची चुलती ओरडली, "द्या हितंच. पत्रिका आलीया नव्हं घरी? मग आहेर माघारी न्यायचा नसतो."

काही जण बडबडत निघून गेले. बरेच बसले. आजोबांनी आणलेली टॉवेल-टोपी तू घेतलीस, टोपी घातलीस आणि शेवटच्या गाण्यापर्यंत डोक्यावरून काढली नाहीस. त्या दिवसापासून आपले श्रोते स्वतःला वऱ्हाड म्हणवून घेतात. हे नाव कोणत्या जाहिरात कंपनीनं दिलेलं नाही. दुसऱ्या अल्बमची चर्चा सुरू झाल्यावर लोक संभाला जीपमध्ये विचारायचे, "यंदा तारीख कधीची?" मी जाहिरातीच्या पानाजवळ बसून नोकरी केली आहे. एवढी पोचलेली जाहिरात माझ्या पाहण्यात नाही. आणि तिचं अर्धं श्रेय चुकीला आहे, हे तू प्रत्येकाला सांगायचास.

दुसऱ्या अल्बमच्या वेळी पुण्याहून एक फोटोग्राफर आला. गाणी आवडली म्हणून स्वतःहून आला होता, माणूस चांगला होता. कव्हर त्याच्या डोक्यात तयार होतं. भेगाळलेलं रान, मधोमध गिटार. 'हलकी जमीन' म्हटल्यावर त्याला दुसरं काय दिसणार? तू त्याला येरमाळ्याला रूपालीच्या रानात नेलंस. सोयाबीन गुडघ्याएवढं उभं होतं. तो कॅमेरा गळ्यात तसाच ठेवून बराच वेळ इकडेतिकडे बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, "जरा कोरडं कुठे मिळेल का?"

रूपालीची आई बांधावर बसली होती. "कोरडं? भाकरी हाय कोरडी. वाढू का?"

त्यानं भाकरी खाल्ली, ठेचाही खाल्ला आणि डोळे पुसत परत गेला. येताना एसटीत तू मला तुझे नियम सांगितलेस. "भेगा नाहीत. बैल नाही. माझं तोंड नाही. बाकी काय बी चालंल." मी कारण विचारलं. तू म्हणालास, "बातमीदार, आपल्या जिल्ह्याचा फोटो म्हणजे भेगा, हे कुणी ठरवलं? भेगा पडतेत, मी नाही म्हणत नाही. पण आपण बाकीच्या दिवसांत पण इथंच असतो ना? त्या दिवसांचा फोटो कुणी काढायचा?" आमच्या कार्यालयात भेगांचा एक फोटो आहे. कोणत्या गावचा आहे ते कोणाला माहीत नाही. दर उन्हाळ्यात तो निघतो.

तोंडाबद्दल तुझं म्हणणं जास्त सरळ होतं. मोबाइलवर कव्हर नखाएवढं दिसतं. नखाएवढ्या जागेत तोंड घातलं तर सगळी तोंडं सारखीच. रंग मात्र लांबून ओळखू येतो.

म्हणून दुसरं कव्हर फक्त हिरवं. त्या सोयाबीनचा हिरवा रंग अब्बांच्या मशीनवर येईपर्यंत तू कागद वाया घालवलास आणि बोलणी खाल्लीस. अक्षर एकही नाही. जाहिरात आमच्या वर्तमानपत्रात द्यायची होती, पण आतलं पान काळं-पांढरं. मी म्हणालो, हिरवं छापता येणार नाही. तू म्हणालास, मग चौकट कोरी सोड आणि खाली लिही, 'ही जागा हिरवी समजावी. हलकी जमीन, नवा अल्बम.' सकाळपासून कार्यालयात फोन सुरू झाले. रंग छापायचा राहिला का? पैसे परत मिळणार का? कोणत्या पक्षाची जाहिरात आहे? आवाजावरून ऊसतोड मुकादम वाटणाऱ्या एका माणसानं विचारलं, "हिरवी समजली. आता फुडं काय करू?" मी त्याला गाणं ऐका म्हणालो. त्यानं संध्याकाळी पुन्हा फोन करून सांगितलं की दुसरं गाणं बरं आहे, पहिलं रडकं आहे. तू ते मत कागदावर छापून छापखान्यात लावलं होतंस.

आता आपल्या न संपलेल्या वादाकडे येतो.

कव्हरवर चेहरा नको, हे मला पटलं होतं. नावही नको, हे कधी पटलं नाही. पत्रिकेवर नव्हतं, हिरव्यावर नव्हतं. बँडचं नाव आतल्या बाजूला बारीक, माणसांची नावं कुठंच नाहीत. आपण यावर छापखान्यात भांडलो, संभाच्या जीपमध्ये भांडलो, बस स्थानकासमोरच्या टपरीवर चहा गार करत भांडलो. मी म्हणायचो, ज्याच्यावर नाव नसतं त्यावर दुसरा कोणीतरी आपलं नाव लावतो. तू म्हणायचास, "तुझ्या बातमीवर तरी तुझं नाव असतं का? 'प्रतिनिधी' असतं. आधी ते बदल, मग मला शिकव."

शेवटच्या वेळी तू हसला नाहीस. म्हणालास, "मी गिटार वाजवतो तेव्हा कुणाला माझं नाव माहीत नसतं. लोक ऐकतेत, मान हलवतेत. मग कुणीतरी विचारतं, नाव काय? मी सांगतो. मग ते म्हणतेत, अरे वा, मराठी चांगलं लिहिता तुम्ही." तू चहाचा कप खाली ठेवलास. "चांगलं म्हणजे काय, बातमीदार? मी इथं जन्मलो. दुसऱ्या कोणत्या भाषेत लिहू? नाव वर छापलं की लोक आधी मला वाचणार, मग गाणं ऐकणार. नाहीतर ऐकणारच नाहीत. मला उलटं पाहिजे."

एसटी लागली म्हणून तू उठलास. उत्तर शोधून पुढच्या वेळी सांगू, असं मी ठरवलं होतं. अजून मला ते सापडलेलं नाही.

तू गेलास तेव्हा तिसरा अल्बम तयार होता. कव्हरचा कागदही तू निवडून ठेवला होतास, ज्वारीच्या दाण्याचा मोतिया रंग. त्यावर काही छापायचं का, हे तेवढं ठरायचं होतं. तेव्हाच पुण्याच्या एका संगीत कंपनीचा माणूस आला. आवाज खालच्या पट्टीतला, वागणं नीट. कंपनी अल्बम काढेल, मोठ्या शहरांत बोर्ड लावेल, सगळी जाहिरात करेल. अट एकच होती. कव्हर त्यांचं.

त्यानं छापखान्यातच लॅपटॉप उघडून आम्हाला कव्हर दाखवलं. चौकोनभर तुझा चेहरा. लग्नातला तोच फोटो, कोट कापलेला. आणि चेहऱ्यावर कपाळापासून हनुवटीपर्यंत भेगा. सुकलेल्या तळ्यात पडतात तशा. त्यातली एक डाव्या डोळ्यातून गेली होती. खाली ओळ होती, 'रखरखीत मातीतून उमटलेला अखेरचा सूर'. तो म्हणाला, "दुष्काळी भागातला मुस्लिम मुलगा, मराठीत गाणी लिहितो, आणि अकाली जातो. सर, हीच स्टोरी आहे. लोक थांबून बघतील."

मी बातम्यांच्या धंद्यात आहे, त्यामुळे लोक थांबून बघतील हे मला कळलं. ते खोटं नव्हतं. त्यानं तुझ्याबद्दल सांगितलेलं एकेक वाक्य वेगवेगळं धरलं तर बरोबर होतं. ती जोडून जो माणूस तयार झाला होता, त्याला मात्र आमच्यापैकी कोणी कधी भेटलं नव्हतं. तुझ्यावर दुसऱ्याचं नाव कसं लागतं ते मी त्या दिवशी पाहिलं. माझा मुद्दा सिद्ध झाला होता. सांगायला तू नव्हतास.

रूपालीनं तिथंच नाही म्हटलं. संभा म्हणाला, "थांब गं. भेगा काढा म्हणू आपण. पण तोंड ऱ्हाऊ दे. मानूस गेलाय. आता तरी दिसू दे की त्याला मोठ्या बोर्डावर. माझ्या जीपच्या काचेवर लावलाय त्याचा फोटू, पन तिथं किती जन बघत्यात?"

"त्याला नको होतं."

"त्याला मरायचं बी नव्हतं," संभा म्हणाला.

शेवटी ठरलं की तुझ्या अम्मीला विचारायचं. त्या छापखान्यात आल्या आणि ऐकल्या ऐकल्या हो म्हणाल्या. "मूं दिखने दो ना, बाबा. लोगां देखेंगे. मेरे कू बी दिखेंगा." रूपाली खाली मान घालून बसली. मला वाटलं, संपलं. आईपुढे तुझ्या नियमांची वकिली करण्याची माझी हिंमत नव्हती.

कंपनीच्या माणसानं लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. अम्मी जवळ सरकल्या. त्यांनी ओढणीचं टोक धरलं आणि स्क्रीन पुसली. एकदा, मग पुन्हा जोर देऊन.

"फूट गया क्या ये?"

"नाही मावशी, स्क्रीन ठीक आहे. तो इफेक्ट आहे."

"क्या है?"

"डिझाइन. माती सुकते ना, तशा भेगा दिल्यात."

अम्मींनी हात मागे घेतला. "मेरे बच्चे का मूं साफ था," त्या म्हणाल्या. "बंद करो इसको."

त्यानं बंद केलं. भेगा काढून देतो, म्हणाला. संभानं लॅपटॉपची पिशवी उचलून त्याच्या हातात दिली. "ऱ्हाऊ द्या साहेब. आमी बघतो आमचं." चेहऱ्याशिवाय कंपनीला रस नव्हता. त्यानं चहा संपवला, सगळ्यांना नमस्कार केला आणि तो गेला. त्या माणसावर माझा राग नाही. तो विकायला आला होता. विकलं न जाणं, हे आपलं काम होतं.

अब्बा इतका वेळ मशीनपाशी होते. ते म्हणाले, "फिर क्या छापना? कोराच?"

रूपाली म्हणाली, "कोराच. त्याला आवडायचा तसा."

"नाम लिखो," अम्मी म्हणाल्या.

"अम्मी, त्याला नाव नको असायचं. तो नेहमी भांडायचा."

"नाम उने रख्या था क्या? हम रखे थे. उसके अब्बा और मैं." त्या उठल्या. "हमारा रखा हुआ नाम है. लिखो."

मी इतकी वर्षं जो वाद जिंकू शकलो नाही, तो त्यांनी उठता उठता संपवला. कागद मोतियाच आहे, तू निवडलेला. त्यावर चित्र नाही, माती नाही, माणूस नाही. मधोमध काळ्या शाईत तुझं पूर्ण नाव आहे, अब्बांच्या नावासकट, आडनावासकट. खाली, गीत आणि संगीत. त्याखाली रूपाली आणि संभा. अब्बांनी आकार विचारला तेव्हा मी मोठा म्हणालो. त्यांनी त्याहून मोठा घेतला.

तुझ्याकडून मला बरंच मिळालं, त्यातलं फार थोडं मी तुला बोललो. या उन्हाळ्यात कार्यालयातला तो भेगांचा फोटो मी पानात लावला नाही. त्या जागी लोहाऱ्याकडच्या एका खळ्याचा लावला, ज्वारी उफणतानाचा. कोणाच्या लक्षात आलं नाही. तुझ्या आलं असतं, आणि तू फोन करून उफणणाऱ्या बाईचं नाव ओळीत का दिलं नाही म्हणून मला धारेवर धरलं असतंस. ते मी दिलं होतं. तू फोन केला नाहीस.

तुझं म्हणणं मी इथं जसंच्या तसं दिलं आहे, एक शब्द न कापता. ते चूक होतं असं मी अजूनही म्हणत नाही. लोक आधी नाव वाचतील. काही जण वाचून कागद बाजूला ठेवतील. कोणी म्हणेल, अरे वा, मराठी चांगलं लिहायचा. संभा उद्यापासून जीपमधून गठ्ठे नेणार आहे, रूपाली येरमाळ्याची बाजू घेणार आहे, धाराशिव शहर माझ्याकडे आहे. एकेका घराच्या पायरीवर उभं राहून, कागद हातात देऊन, नाव मोठ्यानं वाचून दाखवायचं, असं आम्ही ठरवलं आहे. तुझं गाणं ज्यांना ऐकायचं नाही त्यांनी ऐकू नये. पण ज्याला दार लावायचं आहे, त्यानं ते तुझं नाव ऐकून लावावं.